रस्त्यापलीकडचं मीठ

माझी नात कॅनडातल्या एका डोंगराळ गावात राहते. तिच्या गावाजवळच्या रस्त्यावर एक पाटी आहे, तिचा फोटो तिने मला पाठवला होता. मूसना तुमची गाडी चाटू देऊ नका, असं त्या पाटीवर लिहिलं आहे. मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. घोड्याहून उंच, नाक पुढे लोंबणारं, नराची शिंगं सुपासारखी पसरट. फोटो पाहून माझी बायको खूप हसली. मी चष्मा पुसत बसलो.

तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. उन्हाळ्यात मूसला तळ्यातल्या वनस्पतींमधून मीठ मिळतं. तळी गोठली की ते रस्त्यावर येतं आणि डांबर चाटतं. उभ्या गाड्यांच्या दारांवर उडालेलं खारट पाणीही चाटतं. अंग काळपट आणि पाय इतके उंच की गाडीच्या दिव्यात फक्त पाय येतात, डोळे येतच नाहीत. ड्रायव्हरला ते दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे सगळं नातीने मला सांगितलं. तिला शाळेत मूसवर प्रकल्प करायचा होता. बर्फ फार साचला की त्यांचे पाय रुततात, म्हणून ती मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून आणि रुळांवरून चालतात. थंडी उशिरा आली तर गोचिड्या मरत नाहीत, अंगभर चिकटून रक्त पितात. मूस झाडाला अंग घासून घासून केस घालवतं आणि ऐन थंडीत उघडं पडतं. पिल्लांवर लांडग्यांचा डोळा असतो. नात इंग्रजीत बोलत होती. मध्येच माझी मुलगी एखादं वाक्य मराठीत, एखादं तमिळमध्ये घालत होती. शेवटी नात म्हणाली, मिठाचा भाग मात्र मी आपल्या घरातला सांगणार आहे, आजीच्या हरणाचा. शिक्षिकेला तिने तो आधीच ऐकवला होता आणि तो इतका आवडला होता की आजीनेच पडद्यावर येऊन वर्गाला सांगावं असा निरोप आला होता.

माझी बायको म्हणाली, "सरि. सांगतें." सरि म्हणजे तमिळमध्ये बरं.

आजीने चेन्नईत मीठ टाकलं आणि त्यामुळे एक हरीण मेलं, ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षं अशीच सांगितली जाते. ती खोटी आहे. ते मीठ मी टाकलं होतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं आणि आता माझी बायको तो गुन्हा परक्या देशातल्या मुलांसमोर आपल्या तोंडाने कबूल करायला निघाली होती.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी इथे, चेन्नईला आलो आणि पहिली काही वर्षं तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहिलो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची इमारत. लग्न इथल्याच मुलीशी झालं. तिचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मराठी बोलत आलेलं. तिची मराठी ऐकून माझी आई म्हणायची की ही पोथीतून उठून आल्यासारखी बोलते. तिची माणसं एग्मोरला उतरायची, माझी सेंट्रलला. दोन्हीकडच्या पाहुण्यांना आणायला मीच जायचो आणि कोणत्या स्टेशनवर कुठली भाषा काढायची हे मला कधी चुकलं नाही.

या शहराच्या मधोमध भिंतीने वेढलेलं एक जंगल उरलं आहे. त्यात ठिपक्यांची चितळं आहेत, थोडी काळविटं आहेत. आमच्या सोसायटीची मागची भिंत म्हणजे त्या जंगलाचीच भिंत. पावसाळी नाल्यापाशी ती खचली होती आणि उन्हाळ्यात आतलं गवत वाळलं की चितळं तिथून बाहेर यायची. वॉचमनला सवय झाली होती. मुलंही त्यांच्यामागे धावत नसत.

बायकोचा उन्हाळा मिरच्यांचा असे. आमच्याकडे तशा मिरचीला ताकातली मिरची म्हणतात, बायको मोर मिळगाय म्हणे; मोर म्हणजे तमिळमध्ये ताक. हिरव्या मिरच्यांना चीर द्यायची, खडे मीठ घातलेल्या आंबट ताकात बुडवून ठेवायच्या, दिवसा गच्चीवर चटईवर वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. पांढऱ्याफटक आणि करकरीत होईपर्यंत हेच. तिच्या आईची तंजावरहून आलेली चिनी मातीची मोठी बरणी त्यासाठी होती. तिच्या हाताला काय होतं ठाऊक नाही, पण सोसायटीतल्या बायका आपापल्या मिरच्या तिच्याकडे आणून देत. काही नुसत्या शिकायला येत आणि गप्पा मारून परत जात. गच्चीवर तिच्या चटया पसरलेल्या असत आणि तिथे ती काय म्हणेल तसं चाले. घरात माझं चाले, गच्चीवर तिचं.

त्या ताकाची भांडी धुतलेलं खारट पाणी ती मागच्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायची. चितळं ती माती चाटू लागली. तिने एक दिवस हे मला सांगितलं, मोठ्या कौतुकाने. मी पाहायला गेलो तोवर चितळं निघून गेली होती. आमच्या घरातून मागची बाजू दिसत नाही. स्वयंपाकघराला उंचावर एक झरोका आहे, तेवढाच. बाल्कनी पुढे, रस्त्याच्या बाजूला.

मला ती बाल्कनीतून दिसायला हवी होती.

यामागे काही मोठं कारण नव्हतं. ऑफिसमध्ये मी बाहेरचा होतो. माझ्या तमिळ उच्चारांची नक्कल व्हायची, प्रेमाने व्हायची, पण व्हायची. कोणाला घरी बोलावलं तर दाखवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? इथला समुद्र त्यांचा, देवळं त्यांची. हरणं मात्र माझ्या दाराशी येत होती. म्हणून मी बरणीशेजारच्या पोत्यातलं खडे मीठ खिशात घालून संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो. रस्त्यापलीकडे एक रिकामा प्लॉट होता, मालक परदेशी. तिथे एक जुनी चिंच होती. तिच्या मुळाशी मी मीठ टाकायचो आणि बाटलीतलं पाणी ओतून मुरवायचो. चितळांना तिथवर आणायला मी मधल्या वाटेवरही चिमूट चिमूट टाकलं.

ती आली. आधी एक मादी, मग तिच्यामागे बाकीची. नाल्यातून बाहेर, आमच्या इमारतीला वळसा, गेटाबाहेर, रस्ता ओलांडून चिंचेखाली. तो रस्ता अरुंद होता, पण मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला गाड्या तिथून जोरात जायच्या. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी रोज तोच रस्ता दोन्हीकडे पाहून ओलांडत होतो.

ऑफिसातल्या लोकांना मी चहाला बोलावू लागलो. पाच वाजता या, हरणं दाखवतो, असं सांगायचो आणि ती खरोखर यायची. साहेबांच्या बायकोने फोटो काढले. मला विचारलं गेलं की तुम्ही शीळ घालता का. मी नुसता हसायचो. बायको चहा आणून द्यायची आणि म्हणायची, ह्यांच्या पायगुणानें येतात. ती थट्टा करत होती, पण तिलाही ते नवल वाटत होतं. मागे येणारी हरणं आता पुढे का येतात, हे तिने मला विचारलं नाही. मिठाचं पोतं लवकर संपतं म्हणून तिने दुकानदाराला मात्र बोल लावले.

ती मादी एका संध्याकाळी मेली. पाहुणे नव्हते. मी बाल्कनीत एकटाच होतो. कळपातली दोन-तीन पलीकडे पोचली होती, तिचं पिल्लू अजून गेटाशी होतं. ती रस्त्याच्या मध्यावर थांबून पिल्लाकडे वळून पाहत होती. एक व्हॅन वळणावरून आली. आवाज फारसा झाला नाही. मादी पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत राहिली, मागचे पाय तिला साथ देत नव्हते. मी खाली गेलो तेव्हा माणसं जमली होती. कोणीतरी तिच्यावर ओलं पोतं टाकलं. वनखात्याची माणसं आली तोवर ती गेली होती. पिल्लू मागच्या मागे नाल्यात शिरलं होतं.

खात्याच्या माणसाने विचारलं की ही इथे कशाला येतात, कोणी खायला घालतं का. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या, सगळे त्यांना मामी म्हणत, सोसायटीतल्या सगळ्या बायकांच्या पुढारी. त्यांनी तमिळमध्ये सांगितलं की खायला कोणी घालत नाही, पण मागे तिसऱ्या मजल्यावरची मिरच्यांचं खारं पाणी ओतते, ते चाटायला येतात. सगळे मागे गेले. कडुनिंबाखाली मातीवर पांढरी पुटं होती. तो माणूस म्हणाला की हेच कारण, मिठाच्या ओढीने बाहेर येतात आणि गाड्यांना बिचकून कुठेही पळतात. असं करू नका, त्याने शांतपणे सांगितलं. रस्त्यापलीकडे चिंचेखाली कोणी गेलं नाही.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायको वर होती. गच्चीवरून चटया गोळा करत होती.

मी म्हणालो, "मी घरी सांगतो."

एवढंच म्हणालो. कोणावर आरोप केला नाही, खोटंही बोललो नाही. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला हेच समजावत होतो.

वर जाऊन मी तिला सांगितलं. ती चटईची सुरळी हातात धरून उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"मी तर मागें ओतत होतें. मग ती रस्त्यावर कां गेली?"

"जनावर आहे," मी म्हणालो. "कुठेही जातं."

त्या वर्षीच्या मिरच्या अर्ध्या वाळल्या होत्या. तिने त्या तशाच टाकून दिल्या आणि ज्यांच्या होत्या त्यांना बाजारातून नव्या आणून दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिने बरणी काढली नाही. लिफ्टमध्ये मामी म्हणाल्या, काय, यंदा नाही का, हरणं वाट पाहत असतील. लिफ्टमधल्या बायका हसल्या, बायकोही हसली. घरी आल्यावर तिने मला हे हसतहसत सांगितलं आणि परत ती गच्चीवर गेली नाही. कपडेसुद्धा बाल्कनीत वाळत घालू लागली. काही काळाने तिने बरणी तिच्या भावजयीला देऊन टाकली. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या मनात गोष्ट तेव्हाच पक्की झाली. पुढे जावई चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली नोकरी सोडून कॅनडाला गेला, मुलगी गेली, आणि गोष्टही त्यांच्या सामानाबरोबर गेली. आपण प्रेमाने केलेलंही जनावराला मारू शकतं, असं तात्पर्य जोडून ती नातीला सांगितली गेली.

मी मीठ टाकणं त्याच दिवशी थांबवलं, पण चितळं थांबली नाहीत. ती चिंचेखाली येऊन नुसती माती चाटत. एका पहाटे मी कुदळ नेऊन तिथली माती खणली आणि गटारात टाकली. मग ती खड्डा हुंगत उभी राहू लागली. ते पिल्लूही यायचं. कळपामागे, मधे बरंच अंतर ठेवून. त्या आठवड्यांत मी बाल्कनीत बसायचो ते मोजदाद ठेवायला, जितकी पलीकडे गेली तितकी परत आली की नाही. मी चहाला कोणाला बोलावत नव्हतो. भिंत दुरुस्त झाली तेव्हा येणं बंद झालं.

जंगलात त्यांचं सुखाचं चाललं आहे असं नाही. सकाळी मी भिंतीकडेने फिरतो. भटकी कुत्री नाल्यातून आत शिरतात आणि पिल्लं धरतात. लोक भिंतीवरून खाऊच्या पिशव्या टाकतात. त्यांना अन्नाचा वास असतो, म्हणून चितळं पिशवीसकट गिळतात. कडक उन्हाळ्यात तळ्यांचा चिखल होतो. वादळात झाडं पडून भिंत फुटली की काही बाहेर पडतात आणि शहराच्या मध्यावर वाट चुकतात. नातीचं मूस काय, माझं चितळ काय, दोघांच्या अडचणी लांबून वेगळ्या दिसतात. जवळून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी मधे एक रस्ता असतो आणि कोणीतरी पलीकडे काहीतरी ठेवलेलं असतं.

वर्गाचा कार्यक्रम आमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी होता. आदल्या दिवशी दुपारी बायको टेबलाशी शेवग्याचा पाला निवडत होती आणि इंग्रजी वाक्यं पाठ करत होती. तिला इंग्रजी समजतं, बोलायचा सराव नाही. नेसायची साडी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती.

"आय पुट सॉल्ट," ती पाल्याकडे बघत म्हणाली. "आय डिड नॉट नो." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मोराला इंग्रजींत काय म्हणायचें?"

"बटरमिल्क," मी म्हणालो.

तिने ते दोनदा घोकलं. मग पुन्हा पहिल्यापासून. आय पुट सॉल्ट. ती ते वाक्य अगदी सरळ म्हणत होती, मूल प्रार्थना म्हणतं तसं.

मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. चिंच, खिशातलं मीठ, बाटलीतलं पाणी, मधली वाट. क्रमाने सांगितलं, काही वगळलं नाही. ऑफिसातल्या लोकांचंही सांगितलं. ती पाला निवडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"माझ्या पोत्यांतलें?" तिने विचारलं.

"हो."

तिने आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "मी अंदाज करत असें. किती ओतलें असेल, किती ओतलें नसतें तर ती राहिली असती. स्वयंपाकांत मीठ घालतानाही मनांत येई." तिने पानं ताटलीत लोटली. "रोज नाही. पण येई."

मी टेबलावरच्या काड्या गोळा केल्या.

उठताना ती म्हणाली, "उद्यां तुम्ही बसा."

मी बसलो. पडद्यावर वर्ग होता, खिडकीबाहेर बर्फ. नातीने आजी म्हणून ओळख करून दिली आणि मला पाहून गोंधळली. मी सांगितलं की गोष्ट तुम्हाला चुकीची कळली आहे आणि ती चूक माझी आहे. मग सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच, जरा कमी शब्दांत. नातीने कागदावर काहीतरी खोडलं. शिक्षिकेने आभार मानून प्रश्न विचारायला सांगितलं. एका मुलाने विचारलं की आजीने केलं नव्हतं, तर तिने तसं सांगितलं का नाही.

मी उत्तर जुळवत होतो. बायको पडद्याच्या बाहेर, माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "नोबडी आस्क्ड मी."

मुलांना ती दिसली नाही, आवाज पोचला. तो मुलगा ओके म्हणाला आणि बसला.

मुलगी त्यानंतर काही दिवस फोनवर फक्त अम्माशी बोलली. एकदा मी फोन घेतला तेव्हा म्हणाली, "अप्पा, मी ही गोष्ट किती जणांना सांगितली आहे, माहीत आहे?" ते मलाही माहीत होतं. मी फोन बायकोकडे दिला.

बायको माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती. जेवताना हवं-नको विचारत होती. एके दिवशी ताटात बाजारची ताकातली मिरची वाढली. मी सवयीने म्हणालो की हिला चव नाही. ती म्हणाली, "कॅनडाला सांगितलें, बरें झालें. खाली कोण सांगणार?"

खाली सांगण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. अर्धे फ्लॅट विकले गेले आहेत, नव्या लोकांना हरणं बाहेर येत होती हेच खरं वाटत नाही. वनखात्याचा तो माणूस कधीच निवृत्त झाला असेल. रिकाम्या प्लॉटवर इमारत झाली, चिंच गेली. मी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा अध्यक्ष, तिशीतला मुलगा, आदराने म्हणाला की सर, हे आपण कुठल्या विषयाखाली घेऊ. उरल्या होत्या फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या मामी. त्यांना आता ऐकू कमी येतं आणि आठवण येते-जाते.

मी गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी मोठ्याने, माझ्या वाईट तमिळमध्ये सांगू लागलो, की तेव्हा हरीण मेलं होतं. कुठलं हरीण, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मिठाचं, मागे पाणी ओतायची तिसऱ्या मजल्यावरची, माझी बायको. त्यांचा चेहरा उजळला. मोर मिळगाय करायची ती, त्या म्हणाल्या. तशी मिरची नंतर कुठे खाल्ली नाही. मग माझा हात धरून त्यांनी जरा रागावल्यासारखं विचारलं, "तिने बंद का केली हो?"

मी खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.